आज्यांच्या ओळखीच्या बायका

आमच्या घरी काही बायका कधीच आल्या नव्हत्या, पण त्यांच्याबद्दल बोलणं रोज चाले. रमाबाई, लक्ष्मीबाई, आनंदीबाई, बाया. शाळेच्या पुस्तकात ही नावं आडनावासकट आणि जन्मसालासकट येत. माजघरात त्यांना आडनाव लागत नसे. ‘अगं, लक्ष्मीबाईंनी त्या वेळी काय केलं आठवतंय ना?’ असं एखादी आजी म्हणाली, की समोरची हातातलं सूप खाली ठेवायची. झाशीची लक्ष्मीबाई की नाशिककडची, हे कुणी विचारत नसे. गोष्टीत चूल, सोवळं आणि सासरा आला की ती नाशिककडची.

पुण्या-नाशिकच्या, साताऱ्या-सांगलीच्या वाड्यांतून साठच्या आणि सत्तरच्या दशकात वाढलेल्या आम्हा मुलींना ही ओळख आयती मिळाली. आमच्या आज्या १९०५ ते १९२० च्या आसपास जन्मलेल्या. शिक्षण मराठी चौथीपर्यंत, लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी. त्यांचं लिहिणं माहेरच्या पोस्टकार्डापुरतं आणि वाण्याच्या यादीपुरतं होतं, पण वाचायची भूक दांडगी. दुपारची जेवणं उरकली, खरकटं निघालं, पुरुषमाणसं कचेरीत गेली की माजघरात बैठक जमे. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाती वळतंय, श्रावण जवळ आला असेल तर गव्हले चाललेत. जिचा चष्मा नवा ती वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. ‘स्त्री’ मासिक १९३० साली किर्लोस्करांनी सुरू केलं तेव्हा यातल्या बहुतेक जणी नव्या सुना होत्या. त्यांनी ते लपवून वाचलं होतं आणि आता उघड वाचत होत्या. रेडिओवर ‘वनिता मंडळ’ लागलं की आवाज मोठा करायला आम्हाला पिटाळलं जाई. वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचं कामही आमच्याकडेच असे.

या वाचनाची एक रीत होती. इतिहासाच्या पुस्तकाला जे प्रश्न पडत नाहीत ते आमच्या आज्यांना पडायचे. सभेत भाषण झालं, त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला? ती अमेरिकेला गेली, पण बोटीवर खाल्लं काय? नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा मूल कुणाच्या कडेवर होतं? लहानपणी आम्हाला वाटे, की या बायकांना मोठ्या गोष्टीतलं मोठेपण दिसत नाही. पुढे पुस्तकांतल्या त्या बायकांची आत्मचरित्रं स्वतः वाचली तेव्हा कळलं, की ज्यांनी ती लिहिली त्यांनी याच प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. त्या बायकांची खरी लढाई घराच्या आत झाली होती, आणि घराच्या आतलं ऐकायला घरातलीच माणसं लागतात.

सगळ्यांत जास्त वाचली गेली ती ‘स्मृतिचित्रे’. त्याचे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात आले आणि शेवटचा भाग आला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक हयात नव्हत्या. १९३६ साली त्या गेल्या. वाड्यातली प्रत हाताळून हाताळून मऊ झालेली, खाकी कागदाचं कव्हर तीनदा बदललेलं. आज्यांचं लाडकं पान म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली, त्या धक्क्याने जलालपूरच्या घरातल्या या जावयाच्या मनात सोवळं शिरलं ते शिरलंच. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, मीठसुद्धा. धुतल्यावर मिठाचं काय उरणार? एवढं वाचलं की माजघर हसून हसून लोटपोट होई. त्या हसण्यात स्वतःच्या घरातली कितीतरी दुखणी निचरून जात असत, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. तिथे बसलेल्या प्रत्येकीने सोवळ्यापायी काहीतरी सोसलेलं होतं. पहाटे ओलेत्याने पाणी भरणं, तान्ह्या मुलाला रडत ठेवून नैवेद्याचा स्वयंपाक पुरा करणं. लक्ष्मीबाईंनी ते आधी हसून सांगून टाकल्यामुळे यांनाही हसता येत होतं.

पण पुस्तक पुढे सरकलं की हसू थांबे. अकराव्या वर्षी मनूची लक्ष्मी झाली, नारायण वामन टिळकांच्या घरी आली. नवरा कवी, बुद्धिमान, मनाने उदार, आणि घरात पैसा टिकू न देणारा. कधी उठून कुठे निघून जाईल याचा नेम नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ही बातमी बायकोला बाहेरून कळली. त्यानंतरची पाच वर्षं आज्या अगदी सावकाश वाचत. लहानग्या दत्तूला घेऊन, नातलगांच्या आधाराने पंढरपुरात काढलेले दिवस. नवऱ्यावर माया आहे आणि त्याच्या हातचं पाणी चालत नाही, असे दिवस. ती सती-सावित्रीसारखी मागोमाग गेली नाही. रागाने तोडूनही टाकलं नाही. स्वतःला पटेपर्यंत थांबली. जातपात माणसांनी केली, देवाने नव्हे, हे मनाशी पक्कं झालं तेव्हा कुणाच्याही हातचं खायची तयारी तिने आपणहून केली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर.

यावर बैठकीत दोन तट पडत. एक काकू म्हणायच्या, धर्म सोडला ते बरं नव्हे. आमची आजी पूजेशिवाय पाणी न पिणारी. ती म्हणायची, ‘तिने नवऱ्यासाठी सोडला नाही. पटला म्हणून सोडला. आपल्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलंय का, तुला काय पटतं म्हणून?’ यावर कुणी बोलत नसे. पुढचं पान उलटलं जाई. मग अहमदनगरच्या घरातली ती माणसांची वर्दळ यायची, टिळकांनी आणलेली पोरकी मुलं यायची, घरच्यासारखे राहणारे बालकवी ठोंबरे यायचे आणि सगळ्यांचा जीव त्या मुलावर जडायचा. लक्ष्मीबाईंना जोडाक्षरं शेवटपर्यंत नीट जमली नाहीत, ही गोष्ट आज्यांना विशेष धीर देणारी वाटे. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धंसुद्धा झालं नव्हतं. जोडाक्षराशी झगडणाऱ्या या बाईने ते महाकाव्य पुरं केलं. मराठीत इतकं स्वच्छ, इतकं बोलतं गद्य फार थोड्यांनी लिहिलं आहे, असं आज मला ठामपणे म्हणायचं आहे. ते मला शाळेत नव्हे, तांदूळ निवडता निवडता कळलं.

रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालच्या. त्या वाचताना बैठकीत वेगळंच वातावरण असे, कारण ते सासूसुनांचं, नणंदाभावजयांचं पुस्तक होतं. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी १८७३ साली अकरा वर्षांची असताना माधवरावांना दिली. माधवराव एकतिसाचे, पहिली पत्नी वारलेली. सुधारकाने विधवेशी लग्न करायला हवं होतं. वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही, आणि त्यापायी मुंबई-पुण्यात त्यांच्यावर टीका झाली. त्या टीकेची झळ लागलेल्या घरात ही अक्षरशत्रू मुलगी आली. रात्री नवरा शिकवी आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिकण्याचा सूड घेत. बोलायचं नाही, मध्येच कोड्यात बोलायचं, पंगतीत वाढताना टोमणा मारायचा. मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी पुण्यात सभा झाली, तिथे या सुनेने इंग्रजीतून मजकूर वाचून दाखवला. त्याच मागणीतून १८८४ साली हुजूरपागा उभी राहिली. सभेतून घरी आल्यावर माजघरात तिला काय काय ऐकावं लागलं, ते रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे म्हणून आपल्याला माहीत. नवऱ्याला मात्र त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही, असा त्यांचा नेम.

आम्ही मुली त्या घरातल्या बायकांवर, विशेषतः नणंदेवर, जाम चिडायचो. एकदा आमच्यातली एक जण म्हणाली, ‘किती दुष्ट होती ती!’ त्यावर आमची आजी जे बोलली ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. ‘अगं, ती विधवा होती. भाऊ एवढा मोठा सुधारक, पण तिच्या वाट्याला काय आलं? वहिनीच्या हातात पुस्तक आलं, हिच्या हातात जपमाळ.’ एवढं बोलून तिने वात वळायला घेतली. स्त्रियांच्या चळवळीवर नंतर मी बरंच वाचलं. त्यातलं सगळ्यांत खोल वाक्य मला त्या दुपारी मिळालं होतं. माधवराव १९०१ साली गेले. त्यानंतर रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनासाठी जीव ओतला, बायकांना शिवण, शुश्रूषा, शिक्षिकेचं काम शिकवलं, येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जात राहिल्या. हे सारं त्यांनी स्वतःच्या वैधव्यात केलं, आणि हात पुढे केला तो नणंदेच्या जातीच्या दुःखाकडे, असं आज्यांचं म्हणणं. मला ते खरं वाटतं.

आनंदीबाई जोश्यांबद्दल आज्या फार बोलत नसत. १९६८ साली श्री. ज. जोश्यांची ‘आनंदी गोपाळ’ आली तेव्हा वाचनालयात तिच्यासाठी नंबर लागायचे, आमच्या वाड्यात ती कादंबरी रात्री जागून वाचली गेली. पण बैठकीत ती वाचताना एक ठिकाण असं होतं, की वाचणारी थांबायची. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं. आमच्या आज्यांपैकी एकही अशी नव्हती जिचं एखादं बाळ गेलं नव्हतं. घटसर्प, देवी, धनुर्वात, कसलासा ताप, दवाखाना कोसांवर. पुढचं सगळं त्यांना त्या दहा दिवसांतूनच निघालेलं दिसे. १८८३ चा नवऱ्याशिवायचा बोटप्रवास, फिलाडेल्फियाची थंडी, साडी नेसून केलेला अभ्यास, ११ मार्च १८८६ ची पदवी, कोल्हापूरच्या दवाखान्यात ठरलेली नेमणूक, आणि त्या नेमणुकीवर रुजू होण्याआधी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आलेला मृत्यू. बावीस वर्षंही पुरी नाहीत. गोपाळरावांबद्दल वाड्यातले पुरुष आदराने बोलत: बायकोला शिकवून डॉक्टर केलं. आज्यांना त्यातली मारहाण विसरता येत नसे. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून मारलेली बायको! इतरांना स्वयंपाक नीट झाला नाही म्हणून मार बसायचा. हात तोच, एवढंच त्या म्हणत.

आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली आणि पुढच्या पिढीला सांगूनही पटणार नाही अशी एक व्यक्ती बहुतेक घरांत होती. आमच्याकडे ती आत्याआजी. आजोबांची थोरली बहीण. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात तुळशीची माळ. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, असं ती अगदी सहज सांगायची. एकभुक्त राहायची. मंगळागौर असो, डोहाळजेवण असो, सगळा स्वयंपाक तिचा आणि ओटी भरायच्या वेळी ती मागच्या पडवीत. घरातल्या प्रत्येक बाळंतिणीला तेल तिनेच लावलेलं, आम्ही सारी पोरं तिच्याच पायांवर न्हालेली.

ती वाचत नसे, ऐकायची. खांबाला टेकून, बैठकीपासून हातभर लांब. पण पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ लागली की पुढे सरकून बसायची. कारण ही तिच्यासारखीच होती. देवरुखच्या जोश्यांची मुलगी, विसाव्या वर्षी विधवा, पदरात मुलगा. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात आली, शिकली, आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली. बरीच वर्षं केशवपन चालू होतं. एक दिवस स्वतःच्या विचाराने ते थांबवलं आणि केस वाढवले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथे पोटासाठी लोकांच्या घरी धुणीभांडी केली. आत्याआजीला अमेरिकेचं फारसं काही नव्हतं. तिचा प्रश्न केसांचा होता. ‘केस परत आले तेव्हा कुणी काही बोललं नाही तिला?’ ती पुन्हा पुन्हा विचारायची. वाचणारी काकू तेवढा भाग परत वाचायची. आम्ही मुली वेण्या घालून शेजारी बसलेल्या असू.

आत्याआजी तरुण असताना हिंगण्याहून कुणी बाई भाऊबीजेची वर्गणी मागायला गावात आली होती. ‘विधवा मुलीला पाठवा, शिकवू’ असं ती पणजोबांना म्हणाली. पणजोबांनी दोन रुपये दिले, मुलगी दिली नाही. हे आम्हाला आजीने सांगितलं, आत्याआजीने कधीच नाही. पण दर दिवाळीत हिंगण्याचं पावतीपुस्तक दारात आलं, की घरातली भाऊबीज द्यायचा मान आत्याआजीचा, हे घरात ठरून गेलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी, ठाऊक नाही. स्वतः जिथे जाऊ शकली नाही तिथे तिची भाऊबीज वर्षानुवर्षं जात राहिली.

हिंगण्याचा विषय निघाला की बाया कर्व्यांचा निघायचाच. पार्वतीबाईंची ही सख्खी बहीण. माहेरची गोदूबाई, आठव्या वर्षी विधवा, सासरी राबत वीस वर्षांची झाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवांतली ही एक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि मुरूडने बहिष्कार घातला. कर्वे ज्या बैठकीला असतील तिथे बसायचं नाही, त्यांना घरी घेतील त्यांनाही वाळीत टाकायचं. बायांच्या ‘माझे पुराण’मध्ये, १९४४ सालच्या, हे सगळं कोकणी ठसक्यात सांगितलेलं आहे, आडपडदा नाही, स्वतःच्या रागाबद्दल लाज नाही. आणि रागाला कारणं होती. ज्या विधवांसाठी नवऱ्याने आश्रम काढला, त्या आश्रमात बायांना राहता येत नव्हतं, कारण त्या पुनर्विवाह केलेल्या! समाजाच्या मनात विधवाशिक्षण आणि पुनर्विवाह यांची सरमिसळ होऊ नये, देणग्या थांबू नयेत, म्हणून ही खबरदारी. नवरा रोज पायी हिंगण्याला जायचा, बायको शहरात मुलं सांभाळायची, सुईणपण करून चार पैसे मिळवायची. आणि मग ती विम्याची गोष्ट. अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, आपली ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. उद्या आपलं काही झालं तर या बाईने पोरं घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न त्यांनी देवावर आणि समाजावर सोडला. बाया रडल्या, भांडल्या.

१९७२ साली कर्व्यांच्या घरावर बेतलेलं ‘हिमालयाची सावली’ हे नाटक रंगभूमीवर आलं. वसंत कानेटकरांनी नावं बदलली होती, पण प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माणसं ओळखू येत होती. श्रीराम लागू आणि शांता जोग. आमच्या वाड्यातून बायकांची अख्खी रांग ते नाटक पाहायला गेली; आजीने आयुष्यात पाहिलेल्या मोजक्या नाटकांतलं ते एक. परत आल्यावर जो वाद पेटला तो कितीतरी दिवस धुमसत होता. आजोबा, काका, वडील, सगळे अण्णांच्या बाजूने. एवढ्या मोठ्या कार्यात घराचं थोडं बाजूला राहणारच. आजी एरवी नवऱ्यासमोर आवाज न चढवणारी. ती म्हणाली, ‘राहिलं कुठे बाजूला? बायांनी चालवलं म्हणून चाललं. चाललं नसतं तर दिसलं असतं.’ काकांनी भारतरत्नाची आठवण करून दिली. १९५८ साली अण्णांना ते मिळालं. आजी म्हणाली, बाया १९५० साली गेल्या, त्यांना कुणी विचारलं? मला या वादात आजीचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं आणि आता अधिक पटतं. अण्णांचं थोरपण निर्विवाद आहे. पण त्या घराचा खर्च दुसऱ्या कुणीतरी भागवला, आणि तो हिशेब मराठी समाजाने फार काळ मांडलाच नाही.

इथवर लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. आमच्या माजघरातल्या फळीवर कोण होतं ते सांगितलं. कोण नव्हतं तेही सांगायला हवं. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली सावित्रीबाई आमच्या आज्यांच्या बैठकीत नव्हती. अंगावर शेण पडतं म्हणून जास्तीचं लुगडं बरोबर घेऊन शाळेत जाणारी, १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता स्वतः गेलेली ही बाई आमच्या वाड्यापासून दोन गल्ल्यांवर वावरली होती. तिचं नाव आम्ही ऐकलं ते वाडा सोडल्यावर. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे नव्हत्या. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवरचा भ्रूणहत्येचा खटला वाचून त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि पुरुषांना थेट जाब विचारला. ते पुस्तक इतकं गडप झालं, की १९७५ मध्ये स. गं. मालशांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे लोकांना कळलं. आणि रखमाबाई? लहानपणी लागलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जाणार नाही, म्हणून ती कोर्टात उभी राहिली. १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असा निकाल झाला, तेव्हा तुरुंग पत्करते म्हणाली. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली, सुरतेत आणि राजकोटला तिने आयुष्यभर बायकांवर उपचार केले. तिच्याविरुद्ध ‘केसरी’ने लिहिलं होतं, आणि आमच्या घरात ‘केसरी’चा शब्द अखेरचा. तिचं नाव निघायचं कारणच नव्हतं. फळी कुणी लावली होती, हे यावरून दिसतं. आमच्या आज्यांच्या हातात आलेल्या बायकांपैकी बहुतेकींच्या पाठीशी एक सुशिक्षित ब्राह्मण नवरा किंवा मेहुणा होता.

कॉलेजात गेल्यावर नायगावच्या बीडीडी चाळीतली एक मैत्रीण मिळाली. तिच्या आजीच्या फळीवर पुस्तकं नव्हती, पण तिच्याकडेही एक रमाबाई होती, आणि ती गाण्यांतून आलेली. दापोलीजवळच्या वणंदची रमा. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर उघड्या शेडमध्ये भीमरावांशी तिचं लग्न लागलं. नवरा परदेशात शिकत होता तेव्हा तिने मुंबईत घर कसं चालवलं, शेणाच्या गोवऱ्या कशा थापल्या, पाचांपैकी चार लेकरं कशी गमावली, हे त्या आजीला जयंतीच्या गाण्यांनी पाठ होतं. रमाईने पंढरपूरला जायचं म्हटलं, तेव्हा जिथे आपल्याला लांबून दर्शन घ्यावं लागतं ते पंढरपूर कशाला, मी तुला नवं पंढरपूर उभारून देईन, असं बाबासाहेब म्हणाले, ही गोष्ट ती सांगायची. १९३५ साली रमाई गेल्या, वय चाळिशीच्या आतच. मैत्रिणीच्या आजीचे प्रश्नही तेच होते: तेल-मिठाला पैसे कुठून आले, पोराला ताप आला तेव्हा जवळ कोण होतं. दोन आज्या कधी भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर त्यांच्या बोलण्याला विषय कमी पडला नसता. एकीच्या दारात दुसरीला पाय ठेवता आला असता का, हा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागला असता.

त्याच मैत्रिणीने मला ऐंशीच्या दशकात दोन पुस्तकं दिली: बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. दोन्ही १९८६ च्या सुमाराची. आजी तेव्हा ऐंशीच्या जवळ आलेली, दृष्टी गेलेली. आत्याआजी नव्हती, बैठकही मोडली होती, वाडा बिल्डरकडे जायच्या बेतात. मी ‘जिणं आमुचं’ तिला वाचून दाखवलं. वीरगावचा महारवाडा, भुकेचे दिवस, देवाच्या नावाने होणारे हाल. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालणारी सासू आली तेव्हा आजी म्हणाली, सगळीकडे तेच. पुढे मोळी विकायला ब्राह्मण आळीत जाणाऱ्या बाया आल्या. अंगणापलीकडून घासाघीस करणारी, आणि लाकडाला केस किंवा धागा चिकटलेला नाही ना, नीट बघून रच, नाहीतर घर बाटेल, असं बजावणारी मालकीण आली.

आजीने मला थांबवलं. ‘आमच्याकडे यायची एक,’ ती म्हणाली. ‘मागच्या दाराने. मोळी परसात टाकायची. मी पैसे वरून टाकायची तिच्या हातात.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘धुवून घ्यायचो गं आम्ही लाकडं. पाणी शिंपडून.’ लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मिठावर पन्नास वर्षं हसलेली ही बाई. तिने त्या मोळीवालीचं नाव आठवायचा प्रयत्न केला. तिच्याबरोबर एक लहान मुलगी यायची, तिचा फ्रॉक आठवला, तिला उन्हात उभं राहायला लागायचं ते आठवलं. नाव तिने कधी विचारलंच नव्हतं.

बेबीताईंनी हे लिखाण कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून केलं, फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत त्या लिहित्या झाल्या, हे मी नंतर त्यांच्या मुलाखतीत वाचलं. तेव्हा आजी नव्हती. ते कळलं असतं तर तिने नक्की विचारलं असतं, वह्या ठेवल्या कुठे होत्या, आणि सापडल्या असत्या तर काय झालं असतं.

पुस्तक संपल्यावर तिने दुसरं आणायला सांगितलं. शांताबाईंचं आम्ही त्या पावसाळ्यात वाचलं. शाळेत वर्गाबाहेर बसून शिकलेली मुलगी पुढे मास्तरीण होते, तिथवर आल्यावर आजी म्हणाली, हिचा आणि रमाबाईंचा अभ्यास शेजारी ठेवून बघ, एकीला रात्रीचा दिवा तरी होता.